आवाजाची अक्षत

॥ श्री ॥

पुणे, दि. २० जून १९८३

ती. अण्णांस,
भानूचा शि. सा. न. वि. वि.

पुण्यात येऊन आज नऊ दिवस झाले. खोली बरी आहे. सोबतीच्या दोघी नर्सिंग शिकतात, लवकर निजतात आणि मला मोठ्यानं वाचू देत नाहीत. म्हणून मी पहाटे गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र वाचते. समोरच्या घरातले आजोबा आता खुर्ची टाकून ऐकायला बसतात. फुकटात बातम्या मिळतात म्हणून असेल.

अंबिकाबाईंचा वर्ग गेल्या सोमवारी सुरू झाला. आम्ही सहाजण आहोत. बाई वीस वर्षं जाहिरातींना आणि माहितीपटांना आवाज देत आल्या आहेत. रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो मागं वळून बघतो. पहिला आठवडाभर त्यांनी आम्हाला एक अक्षर वाचू दिलं नाही, नुसता श्वास. एका श्वासात वीसपर्यंत आकडे, मग तीसपर्यंत. मग दातांत पेन्सिल धरून बोलायचं. भ आणि फ म्हणताना तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी हलता कामा नये, कारण माइकला ती फुंकर ऐकू जाते. जिचं नावच भानुमती, तिनं काय करावं? माझी पट्टी अजून फडफडते.

माइकला सगळंच ऐकू जातं, पोटातली गुरगुरसुद्धा. म्हणून उपाशी यायचं नाही आणि हातात बांगड्या घालायच्या नाहीत. मी माझ्या काढून ट्रंकेत ठेवल्या आहेत. आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा एवढा मजकूर गाळा, नाहीतर ती जेवायची नाही.

पाडव्याची मुदत लक्षात आहे. येत्या गुढीपाडव्याच्या आत माझा आवाज कुठंतरी वाजला आणि आपल्या माणसांनी तो ऐकला, तर मी इथं राहणार आणि जालन्याच्या स्थळाला नकार जाणार. नाहीतर मी मुकाट्यानं परत येऊन बोहल्यावर उभी राहणार. शब्द दिला आहे तो पाळीन. पण तशी वेळ येणार नाही असं आतून वाटतंय.

आईला नमस्कार. तुमच्या खोकल्याचं कळवा, आणि आहे तशीच माया ठेवा.

आपली,
भानू


॥ श्री ॥

पडेगाव, दि. ४ जुलै १९८३

चि. भानूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. बांगड्यांचा मजकूर सांगितल्याप्रमाणे गाळला, पण तुझी आई माझ्या डोळ्यांकडे बघत बसली होती. तिनं विचारलं की मधल्या दोन ओळी कुठं गेल्या. शेवटी वाचून दाखवाव्या लागल्या. ती जेवली, पण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे मोठी मुश्किल.

तू मला कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही, पण आता सांगतो. माझी मॅट्रिक निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी तहसिलीत नवा कारकून होतो. दोनेक वर्षांत दफ्तर मराठीत आलं. मी घरात जन्मापासून मराठी बोलणारा, मला वाटलं यात काय आहे. रजेची दरख्वास्त मराठीत लिहून दिली. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी ती सगळ्या कचेरीसमोर मोठ्यानं वाचली, माझ्याच हेलात, माझी नक्कल करत. सगळे हसले. माझ्या हाताखालचा शिपाईही हसला. मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की माझ्या लेकराच्या बोलण्याला कोणी हसणार नाही.

म्हणून तू चार वर्षांची असल्यापासून तुझ्यामागं लागलो. तू सारजाबाईच्या गोठ्यावर दूध आणायला जायचीस आणि येताना दुधाबरोबर तिची बोलीही आणायचीस. लई आणि व्हय म्हणालीस की मी तोच शब्द दहा वेळा सुधारून घ्यायचो. तू रडायचीस. आज त्याचं चीज होतंय. वाक्याच्या शेवटाला जप, आपल्याकडचा हेल तिथंच डोकं वर काढतो. तो एकदा मोडला की तुला कोणी अडवू शकत नाही.

खोकला आहे तसाच आहे. आईचा आशीर्वाद. पत्राला खाडे करू नकोस.

तुझा,
अण्णा


॥ श्री ॥

पुणे, दि. ११ डिसेंबर १९८३

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाचा, उभ्यानं वाचू नका. मला काम मिळालं.

इथली एक कंपनी दौलताबादच्या किल्ल्यावर आणि छावणीपासून वेरूळपर्यंतच्या गावांवर अर्ध्या तासाचा माहितीपट करते आहे. त्यांना तिकडची गावं आणि नावं नीट उच्चारणारी बाई हवी होती. अंबिकाबाईंनी मला पाठवलं. परवा ध्वनिमुद्रण झालं. काचेच्या अलीकडे मी एकटी, पलीकडे तिघं, समोर लहान पडद्यावर चित्र, दारावर लाल दिवा. कागदावर श्वासाच्या जागी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक पान वेगळं ठेवलं होतं. तीन तासांत सगळं वाचून झालं. दिग्दर्शक बरं झालं म्हणाले. बाई म्हणाल्या की बरं म्हणजे त्यांच्या तोंडून फार झालं.

आणि अण्णा, त्यात आपलं पडेगाव आहे. सकाळचा रस्ता दाखवलाय आणि त्यावरून सारजाबाई म्हशी घेऊन येताना दिसते, पदर खोचलेला, कोणावर तरी खेकसत. मला वाचता वाचता हसू फुटलं, ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. चित्रीकरणाच्या वेळी कंपनीनं गावकऱ्यांना कबूल केलंय की पट तयार झाला की गावात आणून दाखवणार. म्हणजे पाडव्याच्या आत सगळा गाव मला ऐकणार.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर बांगड्या घातल्या, आईला सांगा. थोडा वेळ नुसती हात हलवत बसले.

असेच आशीर्वाद देत राहा.

आपली,
भानू


॥ श्री ॥

पडेगाव, दि. ८ फेब्रुवारी १९८४

चि. भानूस अनेक आशीर्वाद.

कंपनीचा माणूस येऊन गेला. येत्या १९ तारखेला, रविवारी, दिवेलागणीला शाळेच्या मैदानात पडदा लागणार. तुला रजा नाही हे कळलं, वाईट वाटलं, पण काम आधी.

मी आणि तुझी आई अक्षत घेऊन घरोघर फिरलो. चौसष्ट घरं झाली. आईचं म्हणणं की अक्षत लग्नामुंजीला देतात, आवाजाला देत नाहीत. मी म्हणालो की आपल्याला एकच लेक आणि तिचं हे पहिलं कार्य. प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं की आमच्या भानूचा आवाज ऐकायला सहकुटुंब यावं. पुंजारामनं विचारलं की आहेर आणायचा का. मी म्हटलं की कान तेवढे आणा. सरूबाई म्हातारीला दिसत नाही, तर ती म्हणाली की हा शिनेमा माझ्याच सोयीचा.

जालन्याच्या मंडळींना नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. तारीख तेवढी घालायची बाकी आहे. एकोणीसला तुझा आवाज ऐकला की विसाला टपालात टाकतो. माणसं सज्जन आहेत, त्यांना फार काळ टांगून ठेवणं बरं नाही.

कोट धुवायला दिला आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
अण्णा


॥ श्री ॥

पुणे, दि. १७ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जादा तिकिटं लावून टाकते आहे. रविवारच्या आधी मिळावं एवढीच देवाकडे प्रार्थना. मिळताच सगळ्यांना सांगा की येऊ नका.

त्यांनी माझा आवाज काढून टाकला. मला आज कळलं, बाईंनी सांगितलं. पट सगळा जोडून झाल्यावर दिग्दर्शकांना वाटलं की वाक्याच्या शेवटी हेल निघतो, ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. मुंबईहून एक अनुभवी बाई आल्या आणि त्यांनी तासाभरात सगळं वाचून दिलं. अंबिकाबाई म्हणाल्या की या धंद्यात असं होतं, कोणी कळवतसुद्धा नाही, आणि यात तुझा अपमान समजू नकोस. मी समजत नाही म्हणाले. मग जिन्यात जाऊन बसले.

दुपारी तारघरात गेले होते. फॉर्म भरला. मग डोळ्यांसमोर आलं की तारवाला दारात उभा आहे आणि तार म्हटल्यावर आई पुढचं काही ऐकणार नाही, मी मेले असंच समजून खाली बसेल. आपल्याकडे तार दुसऱ्या कशासाठी आली आहे कधी? फॉर्म फाडला आणि खोलीवर येऊन पत्र लिहायला घेतलं. चुकलं असेल तर रागवा.

अण्णा, तुम्ही चौसष्ट घरी अक्षत दिलीत. मला ते सारखं दिसतंय. एवढं एकदा माझ्यासाठी लोकांपुढं मान खाली घाला आणि सांगा की कार्यक्रमाचं निमंत्रण चुकून दिलं.

आपली,
भानू


॥ श्री ॥

पडेगाव, दि. २० फेब्रुवारी १९८४, सोमवार सकाळ

चि. भानूस अनेक उत्तम आशीर्वाद.

कालचं काय आणि कसं लिहू. मैदान भरलं, शाळेच्या भिंतीवर पोरं बसली. मी पहिल्या रांगेत, कोट घालून. पहिलं वाक्य आलं आणि मी शेजारच्या पुंजारामचा हात धरला.

खरं सांगतो, सुरुवातीची दोन-चार वाक्यं तू मला तू वाटलीच नाहीस. इतकी स्वच्छ वाणी, हेलाचा मागमूस नाही, शब्द न् शब्द घासून ठेवलेल्या भांड्यासारखा. मग स्वतःलाच म्हटलं की व्यंकटराव, हेच तर तुम्ही एकवीस वर्षं मागत होता. त्यानंतर मात्र प्रत्येक वाक्यात तूच ऐकू येत होतीस. तू लहानपणी पाढे म्हणायचीस ती ठेवण, तोच ठेका. मला आवरलं नाही. चारचौघांत रडलो, उपरण्यात तोंड घालून. माणसं पडद्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती. सारजाबाई तर स्वतःला पडद्यावर बघूनसुद्धा हसली नाही, इतकी तुझ्या आवाजानं सगळी भारावली होती. शेवटी नावं आली, त्यात वाचणाऱ्या बाईचं नावच नव्हतं. पडदा घेऊन आलेल्या कंपनीच्या जीपवाल्याला मी त्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं.

एक गोष्ट मनाला लागली. तुझी आई मध्येच उठून घरी गेली. डोकं दुखतंय म्हणाली. मी तिला नको तेवढं बोललो. लेकीच्या जन्मातला एक दिवस, त्या दिवशीसुद्धा तुला बसवलं नाही, असं म्हणालो.

जालन्याचं पत्र आत्ताच या पत्राबरोबर टाकतो आहे. तू जिंकलीस. खुशाल पुण्यात राहा. साहेबांची कचेरी काल माझ्या मनातून गेली, भानू. चौतीस वर्षांनी गेली.

अत्यंत समाधानी,
तुझा अण्णा


॥ श्री ॥

पुणे, दि. २४ फेब्रुवारी १९८४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं विसाचं पत्र आलं. माझं सतराचं एव्हाना मिळालं असेल. म्हणजे आता तुम्हालाही माहीत आहे.

तुमच्यावर राग नाही, हे आधी लिहिते. पण जे वाटतं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेल मोडावा म्हणून मी आठ महिने राबले. तुमच्याकडे तर जन्मभर राबले. तो मोडलेला आवाज तुम्ही रविवारी ऐकलात, तो दुसऱ्या बाईचा निघाला, आणि तो तुमच्या लेकीचा म्हणून तुम्हाला पसंत पडला. तुम्ही त्यात माझे पाढे ऐकलेत. मग माझा आवाज कोणाला हवा आहे? कंपनीला नको झाला, आणि घरी त्याच्यावाचून अडलं नाही.

सोमवारी बाईंनी एक पान वाचायला दिलं. तोंड उघडलं, पहिला शब्द आला, आणि तो मला माझा वाटेना. खाली बसले. तेव्हापासून कोणाशी बोलले नाही. सोबतिणींना वाटतं घसा बसला आहे, त्या रोज मीठपाणी करून देतात. मी गुळण्या करते.

मुदतीप्रमाणे मी हरले. जालन्याला दुसरं पत्र टाका आणि माझा होकार कळवा. वर्ग आणि खोली मार्चअखेर सोडते. आईला म्हणावं, तिचं डोकं का दुखलं ते मला कळलं.

आपली,
भानुमती


॥ श्री ॥

पडेगाव, दि. ५ मार्च १९८४

चि. भानूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं.

तुझं सतराचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. ती म्हणाली की तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. मी विचारलं की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली की तुम्ही बोलू कुठं दिलंत.

ज्यांना अक्षत दिली त्यांना खरं सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी निघालो. आधी सारजाबाईकडे गेलो. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली की अण्णा, ते आमाला तवाच कळलं, भानीचा आवाज आमी वळखत नाय व्हय, पर तुमी लई रडत व्हता, मग कुणी बोलावं. पुंजारामकडे गेलो, त्यालाही माहीत होतं, मी हात धरला तेव्हापासून. सरूबाई म्हातारी म्हणाली की मला डोळं नायती, कान हायती. भानू, विसाव्या घरापर्यंत गेलो. प्रत्येक घराला माहीत होतं. सगळ्या गावानं माझी लाज राखली आणि गप्प घरी गेला. विसाव्या घरावरून मी परत फिरलो, पुढं जाववेना.

चौसष्ट घरांत तुझा आवाज न ओळखणारा मी एकटा. त्याचं कारण मला कळलं आहे. तू चार वर्षांची असल्यापासून मी तुझं बोलणं सुधारत आलो. तू तोंड उघडलंस की चूक कुठं होते तेवढंच कानांनी पकडायचं, ही सवय. बाकीचं मी कधी ऐकलंच नाही. सारजाबाईनं ऐकलं. त्या साहेबांनी मला एकदा हसून घेतलं, आणि मी त्यांचा कान घेऊन घरी आलो, तो तुझ्यावर चालवला. तुझा गुन्हेगार दिग्दर्शक नाही, मी आहे.

जालन्याला दुसरं पत्र जाणार नाही. मुदत मी घातली होती, मीच काढतो. वर्गात राहायचं की यायचं ते तू ठरव. मात्र माझ्यामुळं बोलणं टाकू नकोस, ही विनंती. हा हुकूम नाही.

एक मागणं आहे. बुधवारी, १४ तारखेला, सकाळी अकरा वाजता छावणीच्या पोस्टात माझ्या नावानं ट्रंककॉल लाव. मी तिथं बसून राहीन. काहीही बोल, जसं येईल तसं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, सुधारणार तर नाहीच. नुसता ऐकेन.

बापानं लेकीकडे मागू नये, पण मागतो. माया असू दे.

तुझा,
अण्णा


॥ श्री ॥

पडेगाव, दि. १५ मार्च १९८४

चि. भानूस आईचा आशीर्वाद.

माझं अक्षर तुला माहीत आहे, लावून वाच. तुझे अण्णा झोपलेत म्हणून लिहायला बसले. त्यांना हे पत्र माहीत नाही.

काल ते नऊलाच निघाले, कोट घालून. मी म्हटलं फोनवर कोट दिसत नाही, पण ऐकलं नाही. पोस्टमास्तरांनी खुर्ची दिली म्हणे. साडेअकराला पुण्याची लाइन लागली. हे हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत, तुला शब्द दिला होता म्हणून. तिकडून तूही काही बोलली नाहीस. तीन मिनिटं झाली. एक्स्चेंजातल्या बाईनं मध्ये विचारलं वेळ वाढवायची का, तर तिला हो म्हणाले. सहा मिनिटं दोघं गप्प. मग लाइन गेली.

घरी आले ते दारातच बसले, चपला पण काढल्या नाहीत. मला वाटलं आता काय ऐकायला मिळतंय. तर म्हणाले, भानूच होती. रडत होती. रडायच्या आधी श्वास कोंडून धरते, मग दोन बारीक हुंदके आणि मग मोठा, तसंच होतं. लहानपणी ओट्यावरून पडलीस की असंच रडायचीस. मला म्हणाले, लक्ष्मी, ह्या वेळी मी चुकलो नाही. मग थोड्या वेळानं परत म्हणाले. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते तर हे मागं येऊन उभे राहिले आणि विचारलं, तीच असेल ना गं. मी म्हणाले तीच. पण मी काही फोनवर नव्हते, हे त्यांना पण कळतं. रात्रभर कूस बदलत होते. आता पहाटे डोळा लागलाय.

तू पुण्यात राहा नाहीतर ये, मी त्यात बोलत नाही. बोलशील तेव्हा बोल, त्याची पण घाई नाही. पण एक कार्ड आजच्या आज टाक. त्यावर दुसरं काही लिहू नकोस. फोनवर मीच होते, एवढंच लिही. माझ्या नावानं नको, त्यांच्या नावानं लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई